फास्टिंग म्हणजे काय?

अब्बांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसला निघायच्या गडबडीत होतो. एरवी सकाळचा फोन अम्मीचा असतो. अब्बांचा आला म्हणजे काहीतरी बिनसलंय हे न सांगता कळतं.

"रिपोर्ट आया," एवढं बोलून ते थांबले. मग हळूच म्हणाले, "शुगर फास्ट है बोले. लई फास्ट बढ रही मेरी."

मी रिपोर्टचा फोटो मागवला. शेजारच्या पोरानं तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्यात 'फास्टिंग' या शब्दापुढं 168 आकडा होता. आकडा काळजीचाच होता, पण त्यात वेगानं वाढण्याचा काही संबंध नव्हता. मी समजावून सांगायला लागलो, तेव्हा बोलता बोलता आणखी एक गोष्ट उघड झाली. आदल्या दिवशी लॅबमधल्या मुलानं त्यांना सांगितलं होतं, "चाचा, कल फास्टिंग में आना." अब्बांनी त्याचा अर्थ लावला, लवकर ये. म्हणून ते फजरची नमाज पढून, अम्मीच्या हातचा साखरेचा चहा आणि चार टोस्ट खाऊन सगळ्यांच्या आधी लॅबच्या दारात जाऊन उभे राहिले. पोटात चहा-टोस्ट, आणि रिपोर्टवर 'फास्टिंग'. त्याच आकड्यावर गोळ्या सुरू होणार होत्या.

दोन दिवस ते गॅरेजवर गेलेच नव्हते. घरात बसून होते. अम्मी म्हणाली, जेवण अर्ध्यावर आणलंय, कुणाशी धड बोलत नाहीत.

मी डॉक्टरांना फोन केला, खरी हकीकत सांगितली. तपासणी पुन्हा झाली. या वेळी रात्रीच्या जेवणानंतर सकाळपर्यंत काही न खाता. आकडा आला 112. म्हणजे अगदीच निर्धास्त राहण्यासारखा नाही, पण गोळ्यांऐवजी चालणं आणि साखर तोडणं यावर भागलं. अब्बांच्या जिवात जीव आला. माझ्या डोक्यातून मात्र तो एक शब्द जाईना. लॅबमधल्या मुलानं मुद्दाम काही केलं नव्हतं. अब्बांनीही आपल्या परीनं बरोबरच अर्थ लावला होता. 'फास्ट' म्हणजे जोरात, हे त्यांना तीस वर्षांपासून माहीत होतं. गाडी फास्ट, काम फास्ट, फास्ट ट्रॅक कोर्ट. त्याच शब्दाला आणखी एक अर्थ असतो, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

आणि सांगू शकला असता असा माणूस घरात होता. मी.

*

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, धुळे-सोलापूर रस्त्यावरचं. अब्बांचं गॅरेज त्याच रस्त्याला लागून. आजोबा वारले तेव्हा अब्बा सातवीत होते. शाळा सुटली, ट्रकवर क्लीनर म्हणून गेले, मग एका उस्तादाकडं हाताखाली राहिले आणि पुढं स्वतःचं गॅरेज टाकलं. "मेरेकू अंग्रेजी नहीं आती," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. बँकेत, शाळेत, दवाखान्यात, सगळीकडं ते आधी हे सांगून मोकळे होतात.

मी मराठी माध्यमात शिकलो. घरात दखनी, शाळेत मराठी, मदरशात अरबी अक्षरं. इंग्रजी पाचवीला भेटली आणि मग दहावीपर्यंत ती फक्त धड्याखालच्या शब्दार्थांत राहिली. पुण्यात कॉलेजला आलो तेव्हा तिची खरी भीती बसली. फुटपाथवरून अवघड इंग्रजी शब्दांचं एक जाडजूड पुस्तक घेतलं आणि रोज वीस शब्द पाठ करायला लागलो. 'युबिक्विटस' म्हणजे सर्वव्यापी. 'मॅग्नॅनिमस' म्हणजे उदार मनाचा. सहा महिन्यांत वही भरली. वाटलं, आता जमलं.

2009 साली पहिली मुलाखत झाली. समोरच्या बाईंनी मला मोकळं करायला म्हणून इंग्रजीत साधा प्रश्न विचारला, आज इथपर्यंत कसे आलात? मला सांगायचं होतं की माझी बस रस्त्यात बंद पडली, मग मी उतरलो आणि दुसरी पकडली. एवढंच. आणि माझ्या तोंडून एक वाक्य निघेना. 'सर्वव्यापी'ला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत होतं. बस बंद पडली, हे येत नव्हतं.

खूप दिवसांनी लक्षात आलं की मला हवा असलेला शब्द अब्बांच्या गॅरेजच्या पाटीवर लाल रंगात लिहिलेला होता: 'ब्रेकडाउन सर्व्हिस'. लहानपणी दर दिवाळीच्या सुट्टीत मीच ती पाटी फडक्यानं पुसायचो. पण गॅरेजमधले शब्द म्हणजे इंग्रजी, असं मला कधी वाटलंच नव्हतं. इंग्रजी म्हणजे स्वच्छ कपड्यातल्या माणसांची भाषा. ग्रीसच्या हातांची नव्हे. त्याच मुलाखतीच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढं मी 'मेकॅनिक' न लिहिता 'बिझनेस' लिहिलं होतं, हेही आज कबूल करून टाकतो.

*

नोकरी नाही म्हणून त्या उन्हाळ्यात गावी राहिलो. एका दुपारी तमिळनाडूच्या नंबरची एक ट्रक गॅरेजसमोर येऊन थांबली. ड्रायव्हरला ना हिंदी येत होती ना मराठी. अब्बांना तमिळ येण्याचा प्रश्नच नव्हता. मी पुढं झालो, इंग्रजीत काहीतरी लांबलचक जुळवायला लागलो. ड्रायव्हर माझ्याकडं बघत राहिला. तेवढ्यात अब्बा गाडीखालून बाहेर आले.

"क्लच स्लिप," अब्बा म्हणाले.

"यस, यस. स्लिप," ड्रायव्हरचा चेहरा खुलला.

"प्लेट गॉन. न्यू पुट?"

"हाऊ मच?"

"पार्ट सेपरेट. लेबर सेपरेट."

"टुडे?"

"टुमारो मॉर्निंग. टाइट वर्क. नो कंप्लेंट."

सौदा ठरला. रात्री त्या ड्रायव्हरनं आमच्याच घरी जेवण केलं. व्याकरण शोधायला गेलात तर त्या संवादात सापडणार नाही. पण दोन अनोळखी माणसांचं काम झालं, आणि ते इंग्रजीनं झालं. माझ्या वहीतल्या शब्दांनी ते झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी गॅरेजात स्टुलावर वही घेऊन बसलो. अब्बा आणि पोरं बोलताना जो इंग्रजी शब्द येईल तो लिहून काढायचा. दुपारच्या जेवणापर्यंत 214 शब्द झाले. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांचे हे अर्ध्या दिवसाचे शब्द.

त्या यादीकडं बघताना एक गंमत दिसली. वायपर, बंपर, डिपर, स्टार्टर, चार्जर, कूलर, हीटर, फिटर, पेंटर, ड्रायव्हर, वेल्डर. या सगळ्यांची 'र'ची शेपटी काढली की आत एकेक क्रियापद बसलेलं आहे. वाइप म्हणजे पुसणे. बंप म्हणजे धडकणे. डिप म्हणजे खाली करणे, बुडवणे. स्टार्ट, चार्ज, कूल, हीट, फिट, पेंट, ड्राइव्ह, वेल्ड. अकरा वस्तू आणि माणसं ओळखीची होतीच, अकरा क्रिया फुकटात मिळाल्या. अम्मीच्या स्वयंपाकघरात तोच खेळ: कुकरमधून कुक, मिक्सरमधून मिक्स, ग्राइंडरमधून ग्राइंड. सगळीकडं मात्र हे चालत नाही. टेलरची शेपटी कापलीत तर 'टेल', म्हणजे शेपटीच हातात येते. तो शब्द कापणे या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आलाय.

दुसरी गोष्ट, एकच शब्द किती ठिकाणी काम करतो ती. 'चार्ज' घ्या. बॅटरी चार्ज होते. मेकॅनिक सर्व्हिस चार्ज घेतो. पोलीस चार्जशीट दाखल करतात, लाठीचार्ज करतात. ऑफिसात कुणीतरी इन्चार्ज असतो. हे सगळे शब्द आपल्याला आधीच येतात, फक्त ते एका घरचे आहेत हे ठाऊक नसतं. 'चार्ज'चा मूळ अर्थ ओझं लादणे, गाडी भरणे. मग बॅटरीत वीज भरली, गिऱ्हाइकावर पैशांचा भार टाकला, आरोपीवर आरोप लादला, माणसावर जबाबदारी टाकली. लाठी घेऊन अंगावर धावून जाणंही त्याच शब्दाच्या पोटातून निघालं. 'बेअरिंग' तसंच. बेअर म्हणजे पेलणे, सोसणे. चाकाचा भार जी पेलते ती बेअरिंग. अब्बांना हे सांगितलं तेव्हा ते हसून म्हणाले, "फिर तो तेरी अम्मी इस घर की बेअरिंग है."

*

पुढं नोकरी लागल्यावर या विषयावर थोडं वाचलं, तेव्हा कळलं की आपल्याला सुचलं ते शंभर वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणालातरी सुचलं होतं, तेही आपल्याच उपखंडात. मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्यात काम करत होते. बंगालच्या शाळांमधली इंग्रजी बघून त्यांनी 1926 साली एक ग्रंथ लिहिला. त्यांनी विमा व्यवसायातला एक शब्द शिक्षणात आणला: सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मुदतीआधी मोडली तर जी रक्कम हातात पडते ती. वेस्ट यांचं म्हणणं असं की बहुतेक मुलं शिक्षण पुरं न करता मध्येच शाळा सोडतात. मग ज्या दिवशी ते मूल शाळा सोडेल, त्या दिवशी त्याच्या हातात उपयोगाचं काय पडतं, हे आधी बघा. दहा वर्षांनी कामाला येईल अशा इंग्रजीचा सातवीत शाळा सोडणाऱ्याला काय उपयोग? म्हणून त्यांनी आधी वाचन, आणि तेही नेहमीच्या शब्दांतलं, यावर भर दिला. पुढं 1953 साली त्यांची सुमारे 2000 शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. साध्या इंग्रजी मजकुरातले पाचातले साधारण चार शब्द या यादीतले असतात. त्याआधी 1930 साली सी. के. ऑग्डेन यांनी तर 850 शब्दांची 'बेसिक इंग्लिश' मांडली होती, आणि तीत क्रियापदं होती फक्त 18. पुट, टेक, गेट, गिव्ह, कीप, गो अशी. अब्बांचं 'न्यू पुट' त्यातच येतं.

सरेंडर व्हॅल्यूचा तो मुद्दा वाचताना मला सातवीत शाळा सोडलेले अब्बाच दिसले. ते एकटे नाहीत. सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालात नोंद आहे की सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी 25 टक्के मुलं एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा त्यांनी ती मध्येच सोडली होती. आपल्या मोहल्ल्यात शाळा का सुटते, यावर आपण खूप बोलतो आणि बोलायलाच हवं. पण ज्यांची सुटून गेली त्यांच्या हातात काय आहे, हे फारसं कुणी विचारत नाही. त्यांच्या हातात बरंच काही असतं. ते मोजलेलं नसतं, एवढंच.

*

गेली काही वर्षं मी महिन्यातून दोन रविवार गावी जातो. मोहल्ल्यातल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत पंधरा-वीस जण जमतात. गॅरेजची पोरं, शिवणकाम करणाऱ्या मुली, मोबाइल दुरुस्तीवाले, एक-दोन खालाही. क्लास म्हणावं असं त्यात काही नाही. येताना प्रत्येकानं आपल्या कामातले पाच इंग्रजी शब्द आणायचे, एवढी एकच अट.

शिवणकाम करणारी एक मुलगी पहिल्या दिवशी कॉलर, कफ, लाइनिंग, फिटिंग आणि लूज असे शब्द घेऊन आली. 'लूज' फळ्यावर लिहायला लागली तेव्हा अडली. एक ओ की दोन ओ? दोन ओ असतील तर सैल, एक असेल तर हरवणे किंवा हरणे. उच्चारही थोडा वेगळा, सैलच्या शब्दाचा शेवट 'स'कडं झुकणारा. तिनं वहीत लिहून घेतलं, 'कपडा सैल, दोन ओ, कारण जागा जास्त.' ही खूण मला सुचली नसती. ती तिच्या कामातून आली, म्हणून तिच्या लक्षात राहिली.

आम्ही सुटा शब्द लिहीत नाही. आज आपल्या हातून झालेल्या कामाचं एक छोटं वाक्य लिहितो. मी बटण लावलं. मी फ्यूज बदलला. बस चुकली. तेच वाक्य दुसऱ्या दिवशी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं पुन्हा मोठ्यानं म्हणायचं. मदरशात सबक पक्का करताना हाफिजजी मागचा पाठ पुन्हा पुन्हा म्हणून घेतात, तशी ही रीत. आपल्या मुलांना ती नवी नाही.

काही शब्दांपासून सावधही करावं लागतं. आपण जेवायला 'हॉटेल'ात जातो, इंग्रज तिथं झोपायला जातो. गाडीच्या डिक्कीला ब्रिटनमध्ये 'बूट' म्हणतात आणि अमेरिकेत 'ट्रंक'. 'स्टेपनी'ची तर कथाच आहे. वेल्समधल्या लानेल्ली गावात स्टेपनी नावाच्या रस्त्यावर दोन भावांनी 1904 साली मोटारीचं जादा चाक बनवायला सुरुवात केली आणि त्याला रस्त्याचं नाव दिलं. तिकडं तो शब्द मागं पडला, 'स्पेअर व्हील' राहिलं. आपल्याकडं आजही प्रत्येक गॅरेजात स्टेपनी आहे. त्यामुळं पोरांना मी सांगतो, हा शब्द चुकीचा नाही, फक्त परदेशी माणसासमोर दुसरा वापरा. आपल्या शब्दाची लाज वाटायला लागली की तोंड बंद होतं. मुलाखतीत माझं झालं होतं तसं.

*

आता पुन्हा त्या 'फास्ट'कडं येतो. तपासणीच्या त्या घोळानंतर आलेल्या पहिल्याच रविवारी मी तो शब्द फळ्यावर लिहिला. अब्बाही मागं येऊन बसले होते. याआधी ते कधी आले नव्हते.

मी विचारलं, अर्थ सांगा. सगळे म्हणाले, जोरात. कापड दुकानात काम करणारा एक पोरगा म्हणाला, "सर, कपड्यावर 'कलर फास्ट' लिहिलेलं असतं. तिथं जोरात कसं?" त्यानं माझं काम सोपं केलं. कलर फास्ट म्हणजे पक्का रंग. या शब्दाचा जुना अर्थच पक्का, घट्ट. म्हणून विमानात पट्टा घट्ट बांधायला सांगतात ते 'फासन'. स्वतःला घट्ट धरून ठेवणं, खाण्यापिण्यापासून रोखणं, तेही 'फास्ट', म्हणजे उपास. आणि घट्टपणे, नेटानं काम करता करता त्याच शब्दाला 'वेगानं' हा अर्थ चिकटला. रंग, रोजा आणि रेल्वे, तिन्ही एकाच मुळाचे.

मग 'ब्रेकफास्ट' लिहिला आणि मधून रेघ मारली. ब्रेक म्हणजे तोडणे, फास्ट म्हणजे उपास. रात्रभरचा उपास सकाळी तोडतात तो ब्रेकफास्ट. खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. मग मागून अब्बांचा आवाज आला, "मतलब इफ्तारीच हुई ना ये?"

इफ्तारीच. अरबीत सकाळच्या न्याहारीला 'फुतूर' म्हणतात, आणि फुतूर व इफ्तार एकाच धातूतून आलेत, तोडणे या अर्थाच्या. अरबांनी आणि इंग्रजांनी न्याहारीकडं एकाच नजरेनं पाहिलं होतं. जो माणूस आयुष्यभर दर रमजानला तीस दिवस 'फास्टिंग' करत आला होता, त्याला तो शब्द माहीत नव्हता म्हणून दोन दिवस घरात घाबरून बसावं लागलं. हे मी त्या दिवशी बोलून दाखवलं नाही. अब्बांनीच दाखवलं. घरी जाताना म्हणाले, "इतनी सी बात थी. कोई पहले बोलता तो."

तेव्हापासून ते वही ठेवतात. शब्द इंग्रजी, लिपी देवनागरी, अर्थ दखनीत. पहिल्या पानावर फास्टिंग आहे.

गेल्या खेपेला तीन महिन्यांच्या तपासणीला मी त्यांच्यासोबत लॅबमध्ये गेलो होतो. खुर्च्यांवर गर्दी होती. काउंटरवरच्या मुलीनं एका वयस्क बाईंना चिठ्ठी देत सांगितलं, "उद्या फास्टिंगला या." बाई मान डोलावून निघाल्या. अब्बा उठले, त्यांच्यामागं दारापर्यंत गेले आणि मराठीत म्हणाले, "मावशी, फास्टिंग म्हणजे लवकर नव्हे. फास्टिंग म्हणजे उपास. रात्री जेवल्यावर सकाळी चहासुद्धा घेऊ नका. साधं पाणी चालतं."

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "रोजे में और इसमें बस पानी का फरक."